अश्रूंमधली कात्री कुणी पाहिली?

मुलांनो, ही जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती, पाऊस मात्र लांबला होता. मधल्या सुट्टीत मैदानात वावटळ उठली नि चौथीतल्या एका मुलाच्या डोळ्यात धूळ गेली. तो रडत रडत माझ्याकडे आला. डोळा चोळायला लागला तसा मी त्याचा हात धरला, स्वच्छ पाण्यानं डोळा धुऊन दिला नि धीर देत म्हटलं, "येऊ दे डोळ्यांतून पाणी. अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नसतं बरं का! त्यात लायसोझाइम नावाचं एक विकर असतं. ते जंतूंची भिंत कात्रीसारखी कापून टाकतं."

त्याचं रडणं थांबलं. मला वाटलं, वा! छान सांगितलं आपण. पण शेजारी उभी असलेली एक मुलगी डोळे बारीक करून म्हणाली, "बाई, ती कात्री कुणी पाहिली?"

"शास्त्रज्ञांनी," मी म्हटलं.

"कशानं? भिंगानं?"

आता आली का पंचाईत! मी पुस्तकात वाचलेलं सांगत होते. ते कुणी नि कसं पाहिलं, हे मलाही ठाऊक नव्हतं. "उद्या सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. तो 'उद्या' उजाडायला तीन आठवडे लागले! ग्रंथालयातली पुस्तकं चाळली, हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांना भंडावून सोडलं. जे हाती लागलं ते वर्गात सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

शेंबूड, लिंबू आणि अंडं

आधी विकर म्हणजे काय ते पाहू. भाकरीचा घास खूप वेळ चावत राहिलात, तर तो हळूहळू गोड लागतो. तोंडातल्या लाळेत एक विकर असतं, ते पिठूळ पदार्थाचे तुकडे करून साखर बनवतं. विकरालाच एन्झाइम म्हणतात. आपल्या शरीरात अशी हजारो विकरं आहेत. जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली. कुणी तोडतं, कुणी जोडतं. प्रत्येकाचं काम ठरलेलं.

लायसोझाइम शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी. हो, पेनिसिलिनवाले तेच फ्लेमिंग! पण ही गोष्ट पेनिसिलिनच्या सात वर्षं आधीची, १९२१ सालची. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ते काम करत. त्यांना झाली होती सर्दी. जिवाणू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत त्यांनी चक्क आपला शेंबूड टाकून पाहिला. (हसू नका! विज्ञानात असंही करून पाहावं लागतं.) काही दिवसांनी पाहतात तो काय, शेंबडाजवळचे जिवाणू विरघळून गेलेले!

मग त्यांनी लाळ तपासली, अश्रू तपासले. अश्रू मिळवण्यासाठी ते आपल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळत. तुम्ही हा प्रयोग मुळीच करायचा नाही हं! जिवाणू विरघळवणारा हा पदार्थ सगळ्यांत भरभरून सापडला तो अंड्याच्या पांढऱ्या बलकात. पिल्लू अंड्यात वाढत असताना त्याचं जंतूंपासून रक्षण नको का करायला?

लायसोझाइम काय करतं ते कळलं. पण कसं करतं? हे कळायला आणखी चाळीसहून जास्त वर्षं जावी लागली. कारण कात्री कापते कशी, हे सांगायचं तर आधी तिची पाती कुठे आहेत, खिळा कुठे आहे, हे दिसायला हवं.

भिंगाला का दिसत नाही?

तुम्ही म्हणाल, मोठ्ठं भिंग घ्यायचं! पण त्यानं भागत नाही. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाला म्हणतात एक अँगस्ट्रॉम. रेणूमध्ये शेजारी-शेजारी बसलेल्या दोन अणूंमधलं अंतर असतं एक ते दोन अँगस्ट्रॉम. आपल्याला दिसतो तो प्रकाश लाटांचा बनलेला असतो आणि त्याची एकेक लाट असते चार हजार ते सात हजार अँगस्ट्रॉम लांब! हाताला गोणपाट गुंडाळून ताटातले तीळ चाचपून मोजायला सांगितले, तर मोजता येतील का? तसंच हे. प्रकाशाचा हातच फार जाड.

मग बारीक हात कुणाचा? क्ष-किरणांचा! विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ साली शोधलेले हे किरण. हात मोडला की दवाखान्यात फोटो काढतात ना, तेच. या कामासाठी वापरतात त्या क्ष-किरणांची लाट असते साधारण दीड अँगस्ट्रॉम. अगदी अणूंच्या मापाची.

पण अडचण अशी, की क्ष-किरणांना अशा कामासाठी भिंगच मिळत नाही. साधं भिंग प्रकाशाला वळवून चित्र तयार करतं. क्ष-किरण काचेतून सरळ निघून जातात, वळायचं नावच घेत नाहीत. भिंग नाही म्हणजे चित्र नाही. मग करायचं काय?

छत्रीतून दिवा पाहा

इथे तुम्ही एक प्रयोग करा. रात्री छत्री उघडा नि तिच्या कापडातून रस्त्यावरच्या लांबच्या, लहानशा दिव्याकडे पाहा. (सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका.) छत्रीचं कापड जाड असेल तर बारीक विणीची पातळ ओढणी किंवा रुमाल घ्या. काय दिसतं? एकच दिवा, पण त्याच्या चारी बाजूंना ठिपक्यांची रांगोळी! कापड फिरवा, रांगोळीही फिरते.

हे ठिपके आले कुठून? कापडाचे उभे-आडवे धागे अगदी ठरावीक अंतरावर असतात. त्यांच्यामधून येणाऱ्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही दिशांना त्या एकमेकींना जोर देतात, तिथे ठिपका दिसतो. काही दिशांना एकमेकींना मारून टाकतात, तिथे अंधार. आणि गंमत म्हणजे वीण जितकी बारीक, तितके ठिपके लांब लांब! म्हणजे धागे डोळ्यांना दिसले नाहीत, तरी ठिपके मोजून धाग्यांमधलं अंतर काढता येतं.

नेमकं हेच क्ष-किरणांनी करतात. फक्त कापडाच्या जागी असतो स्फटिक. मिठाचा खडा, तुरटी, खडीसाखर हे सगळे स्फटिकच. स्फटिकात रेणू ओळीनं मांडलेले असतात, कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे. एका मुलानं पाय आपटला तर आवाज किती येणार? पण साऱ्या शाळेनं एकदम पाय आपटला की मैदान दणाणतं. एकट्या रेणूकडून येणारा क्ष-किरण असाच क्षीण असतो. स्फटिकात अब्जावधी रेणू एका तालात साथ देतात, म्हणून ठिपके उमटतात.

१९१२ साली जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून असे ठिपके पहिल्यांदा मिळाले. त्याच वर्षी लॉरेन्स ब्रॅग नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणानं ठिपक्यांवरून अणूंची जागा कशी काढायची, याचं गणित मांडलं. वडील विल्यम ब्रॅग यांच्यासोबत त्यांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा लॉरेन्स होते अवघे पंचवीस वर्षांचे! विज्ञानातलं नोबेल इतक्या लहान वयात आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही.

भिजलेला स्फटिक आणि ढोलाचा ठेका

मिठाची रचना सोपी. विकराच्या एका रेणूत मात्र हजारो अणू असतात. शिवाय त्याचे स्फटिक भारी नाजूक! वाळले की आतली रांग मोडते नि ठिपके गायब. १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफुट यांनी पेप्सिन या पोटातल्या विकराचा स्फटिक ज्या पाण्यात वाढला होता, त्याच पाण्यात भिजलेला ठेवला. आणि काय सांगू, सुरेख ठिपके उमटले! याच डोरोथी पुढे डोरोथी हॉजकिन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं.

ठिपके मिळाले, पण एक कोडं उरलंच. समजा, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक वाजतंय. कुणाचा ढोल किती मोठ्यानं वाजला ते तुम्ही वहीत लिहून ठेवलं. पण कोण कोणत्या ठेक्याला वाजला, ते लिहायचं राहून गेलं. आता त्या वहीवरून तो ताल पुन्हा वाजवता येईल का? नाही ना! क्ष-किरणांच्या फोटोत अगदी हेच होतं. ठिपका किती ठळक हे कळतं, पण ती लाट कोणत्या ठेक्याला आली, हे हरवून जातं.

केंब्रिजमध्ये माक्स पेरुट्झ यांनी १९५३ साली यावर तोड काढली. प्रथिनाच्या प्रत्येक रेणूत त्यांनी ठरावीक जागी पाऱ्याचा जड अणू बसवला. त्यानं काही ठिपके ठळक झाले, काही फिके. आधीचे आणि नंतरचे ठिपके ताडून पाहिले, की हरवलेला ठेका गणितानं काढता येतो. या मार्गानं जॉन केन्ड्रू यांनी स्नायूंमधल्या मायोग्लोबिनची आणि पेरुट्झ यांनी रक्तातल्या हिमोग्लोबिनची रचना शोधली. दोघांना १९६२ साली नोबेल मिळालं. पण ही दोन्ही प्रथिनं प्राणवायू धरून ठेवणारी. तोडणारं-जोडणारं विकर अजून कुणीच पाहिलं नव्हतं.

चौथी कडी बसेना!

आता येऊ या आपल्या कात्रीकडे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम निवडलं. निवडण्याचं कारण साधं होतं. अंडी भरपूर मिळतात नि मिठाच्या पाण्यात या विकराचे सुंदर स्फटिक तयार होतात. हजारो ठिपके मोजायचे, त्यांचं गणित करायचं, तेही आजच्या मोबाइलपुढे अगदीच मंद असलेल्या संगणकावर! भूगोलाच्या नकाशात डोंगराची उंची दाखवायला रेषा काढतात ना, तशा रेषा त्यांनी पारदर्शक पत्र्यांवर काढल्या. पत्रे एकावर एक रचले. जिथे रेषांची दाटी, तिथे अणू!

१९६५ साली ही रचना 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाली. क्ष-किरणांनी उलगडलेलं हे जगातलं पहिलं विकर. शोधनिबंधाच्या सहा लेखकांत व्ही. आर. सरमा हे भारतीय नावही आहे. आणि योगायोग पाहा! त्या वेळी या संस्थेचे प्रमुख होते लॉरेन्स ब्रॅग. बाविसाव्या वर्षी ज्यांनी गणित मांडलं, त्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी ते गणित विकरापर्यंत पोहोचलेलं पाहिलं.

कसं दिसलं लायसोझाइम? १२९ मण्यांची एकच माळ, गुंडाळून तिचा गोळा झालेला. लांबी फक्त ४५ अँगस्ट्रॉम. दोन लाखांहून जास्त रेणू एकापुढे एक ठेवले, तर कुठे एक मिलिमीटर भरेल! आणि या गोळ्याच्या एका अंगाला होती एक खोल खाच. हीच का ती कात्री?

त्याचं उत्तर लुईझ जॉन्सन या तरुण संशोधक विद्यार्थिनीनं शोधलं. जिवाणूची भिंत असते खाटेच्या विणीसारखी. तिचे लांब दोर साखरेच्या कड्यांचे बनलेले असतात. ही आपली चहातली साखर नव्हे, तिच्याच नात्यातली. जॉन्सन यांनी तशाच तीन कड्यांचा एक लहान तुकडा स्फटिकात मुरू दिला. तीन कड्यांचा तुकडा लायसोझाइमला सहजासहजी कापता येत नाही, त्यामुळे तो तिथेच अडकून बसतो. पुन्हा क्ष-किरणांचे ठिपके घेतले. तर तुकडा कुठे सापडला? बरोबर त्या खाचेत!

पण खाच तीन कड्यांहून लांब होती. मग रेणूची प्रतिकृती करून त्यात पुढच्या कड्या बसवून पाहिल्या. सहा कड्या मावत होत्या, पण चौथी काही नीट बसेना! तिला थोडी पिळली, वाकडी केली, तर बसते. इथेच फिलिप्स यांना कोडं सुटल्यासारखं वाटलं. ऊस मोडताना आपण काय करतो? गुडघ्यावर आधी वाकवतो, मग तो कडकन मोडतो. लायसोझाइमही चौथ्या कडीला आधी वाकवतं आणि चौथी-पाचवीच्या मधला सांधा तोडतं.

तोडणारी पाती कोणती? खाचेत त्याच सांध्यापाशी दोन मणी समोरासमोर होते. माळेतले क्रमांक ३५ आणि ५२. हजेरीपटात ३५ आणि ५२ हे नंबर किती लांब! पण वर्गात ते समोरासमोरच्या बाकांवर बसले असतील, तर? माळ गुंडाळली गेल्यानं हे दोघे असेच समोर येतात. ३५ नंबर सांध्याला हायड्रोजनचा एक कण देऊन तो तोडतो, ५२ नंबर तुटणाऱ्या कडीला सावरून धरतो. विकर नसेल, तर असला सांधा पाण्यात आपोआप तुटायला लाखो वर्षं लागतील! विकर मात्र एकामागून एक सांधे तोडत जातं. दोर तुटले, की भिंत कमजोर होते, आतल्या पाण्याच्या दाबानं जिवाणू फुटतो. धुळीनं भरलेल्या त्या डोळ्यात हेच चाललं होतं.

छत्तीस वर्षांनी एक दुरुस्ती

गोष्ट इथे संपली असं सगळ्यांना वाटलं. पाठ्यपुस्तकांतही तसंच छापून आलं. पण काही शास्त्रज्ञांना शंका होती. ५२ नंबर नुसता सावरतो, की स्वतः कडीला घट्ट धरतो? पण हे इतक्या झटपट घडतं, की मधला क्षण पकडायचा कसा?

२००१ साली कॅनडा आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली. ३५ नंबरचा मणी बदलून त्यांनी विकराचं काम मुद्दाम मंद केलं. साखरेतही थोडा बदल केला. विकर काम करता करता मधेच थबकलं. तशा स्फटिकावर क्ष-किरण सोडले, तर स्पष्ट दिसलं. ५२ नंबरनं कडीशी खरोखरच बंध जोडलेला होता! थोडा वेळच, पण पक्का. फिलिप्स यांचं बरंचसं म्हणणं बरोबर होतं, हा एक भाग दुरुस्त करावा लागला. आणि दुरुस्त केला तो त्याच क्ष-किरणांच्या मदतीनं.

याचा उपयोग काय, असं आई-बाबा विचारतील. करोना आठवतो ना? त्या विषाणूलाही वाढण्यासाठी एक कात्री लागते, तीही विकरच. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी तिची रचना क्ष-किरणांनी शोधून २०२० च्या सुरुवातीलाच जगापुढे ठेवली. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेत एका गोळीच्या वापराला परवानगी मिळाली. त्या गोळीतलं औषध याच कात्रीच्या खाचेत जाऊन बसतं नि तिला अडकवून टाकतं.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही असं काम झालं आहे. पेनिसिलिनचा तुकडा पाडणाऱ्या एका विकराची रचना तिथल्या शास्त्रज्ञांनी यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर शोधून १९९९ साली प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचा तो तुकडा वापरून नवी औषधं तयार करता येतात.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तोवर बाहेर पाऊस सुरू झाला होता. मुलांनी लगेच छत्र्या उघडून व्हरांड्यातल्या दिव्याकडे पाहायला सुरुवात केली! "अगं, दिवा लांबचा हवा, रात्री पाहा," असं मी सांगतेय, तोच ती प्रश्नवाली मुलगी पुन्हा जवळ आली.

"बाई, म्हणजे ती कात्री कुणी डोळ्यांनी पाहिलीच नाही. ठिपके पाहिले नि गणित केलं."

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

"आणि पुस्तकातलं छत्तीस वर्षांनी थोडं चुकलेलं निघालं."

"हो."

"मग बाई, आमच्या पुस्तकातलंही आता काही चुकलेलं असेल?"

मी जरा थांबले. 'पुस्तकातलं चुकत नाही' असं सांगणं सोपं होतं. पण तीन आठवडे मी जे वाचलं होतं, त्यानंतर तसं म्हणवेना.

"असेल," मी म्हटलं. "फक्त ते चुकलंय असं म्हणून चालत नाही. ठिपके दाखवावे लागतात."

तिनं मान डोलावली नि छत्री उघडून ती घरी निघाली.